भर मैदानात एकशे चार चोऱ्या

चोरीला अंधार लागतो, हा समज मॉरी विल्सने खोटा पाडला. त्याच्या चोऱ्या फ्लडलाइटच्या लखलखाटात, हजारोंच्या साक्षीने व्हायच्या. आणि साक्षीदारच 'गो! गो! गो!' असा गजर करून चोराला पळायला सांगायचे. ज्यांच्याकडे चोरी होणार, त्यांनाही ती आता होणार हे पक्कं ठाऊक असायचं. तरी व्हायचीच.

१९६२ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या या शॉर्टस्टॉपने एका मोसमात १०४ बेस चोरले. त्याला अडवायला कुणी मैदानातली माती बदलली, कुणी नियमाची फूटपट्टी पुढे केली, आणि एका कंपनीने तर हा माणूस खेळाडू म्हणून टिकेल हेच मानलं नाही. शेवटी विल्स सगळ्यांच्या हातून निसटला. खऱ्या अर्थाने सापडला तो पुढे, एकदाच, आणि तेही बेस चोरताना नव्हे. ती गोष्ट सिएटलच्या मुक्कामावर येईल.

क्रिकेटवाल्यांसाठी दोन मिनिटं

बेसबॉलच्या मैदानात चार बेस असतात, एकेकात नव्वद फुटांचं अंतर. फलंदाज उभा असतो तो बेस म्हणजे 'घर'; बाकीचे तीन घेऊन घरी परतलं की धाव. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात जो क्षेत्ररक्षक उभा असतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हाताचे फलंदाज सटासट मारतात ते नेमके त्याच्याकडे, त्यामुळे या जागेवर उभं राहणाऱ्याला क्षणाची उसंत नसते.

आता चोरी. एक धावपटू पहिल्या बेसवर उभा आहे. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात केली की, बॅटला चेंडू लागायची वाट न बघता हा दुसऱ्या बेसकडे सुटतो. कॅचर चेंडू पकडतो, उठतो आणि दुसऱ्या बेसवर फेकतो. ही फेक सुमारे सव्वाशे फुटांची. पिचरचा हात हलल्यापासून चेंडू दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत साधारण साडेतीन सेकंद जातात, आणि धावणाऱ्यालाही जवळपास तेवढेच लागतात. सगळा धंदा सेकंदाच्या एखाद्या दशांशावर चालतो.

म्हणून धावपटू आधीच बेस सोडून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा राहतो. पिचरच्या ते लक्षात आलं तर तो फलंदाजाकडे चेंडू टाकायचं सोडून गर्रकन पहिल्या बेसकडे फेकतो आणि गाफील गडी बाद. विनू मंकडने १९४७ साली सिडनीत बिल ब्राउनला असंच पकडलं तर क्रिकेटजगत त्यावर अजून नीतिशास्त्राची व्याख्यानं देतंय. बेसबॉलमध्ये पिचर हे रोज करतात आणि कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही.

विल्स व्यावसायिक बेसबॉलच्या उंबऱ्यावर आला तेव्हा ही कला जवळजवळ मेली होती. होम रन मारा, सावकाश चालत घरी या, असा तो जमाना. १९५० साली अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) सर्वांत जास्त बेस चोरणारा खेळाडू होता डॉम डिमॅजिओ, आणि त्याचा आकडा होता पंधरा. मोसमात पंधरा! विल्सने १९६२ मध्ये तेवढे जेमतेम तीन-चार आठवड्यांत चोरले असावेत.

बूट कुठे आहेत?

मॉरिस मॉर्निंग विल्स. मधलं नाव खरोखरच 'मॉर्निंग'. जन्म २ ऑक्टोबर १९३२, वॉशिंग्टन डीसी. घरात तेरा भावंडं. वडील नेव्ही यार्डात कामाला, शिवाय बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक. म्हणजे 'चोरी करू नये' ही आज्ञा पोराने घरातच ऐकली असणार.

त्याच्या वस्तीतल्या मैदानावर एकदा वॉशिंग्टन सेनेटर्सचा जेरी प्रिडी हा व्यावसायिक खेळाडू पोरांना बेसबॉल शिकवायला आला. त्या काळी मोठ्या लीगमधला गोरा खेळाडू काळ्या वस्तीत येऊन पोरांत रमणं ही रोजची गोष्ट नव्हती. प्रिडीने हे चुणचुणीत पोरगं हेरलं, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि आईवडिलांना बूट घेऊन द्यायला सांग असं सुचवलं. मॉरी अनवाणी खेळत होता. ही आठवण विल्स म्हातारपणापर्यंत सांगायचा. ज्या पायांवर पुढे पंचांचे, माळ्यांचे आणि कमिशनरांचे डोळे खिळले, त्या पायांची पहिली दखल अशी घेतली गेली.

आठ वर्षं वेटिंग लिस्टवर

शाळेत तो तीन खेळांत चमकला. १९५० मध्ये डॉजर्सने (तेव्हा ते ब्रुकलिनचे होते) त्याला करारबद्ध केलं आणि मग विसरून गेल्यासारखं केलं. १९५१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल नावाच्या गावातून त्याची छोट्या लीगमधली वारी सुरू झाली, आणि ती संपता संपेना. बसमधले लांबलचक प्रवास, तुटपुंजा पगार आणि दर वसंतात 'यंदा नाही'.

एकदा डेट्रॉइट टायगर्सने त्याला 'पसंत पडला तर ठेवू' या बोलीवर नेलं. पसंत पडला नाही. १९५९ च्या वसंतात त्यांनी त्याला परत पाठवलं. टायगर्सच्या त्या निर्णयाबद्दल जास्त बोलायला नको. त्यांच्या चाहत्यांना आधीच पुष्कळ दुःखं आहेत.

नशीब फिरलं ते स्पोकेन नावाच्या गावी. तिथला मॅनेजर बॉबी ब्रॅगन याने उजव्या हाताने खेळणाऱ्या या पोराला सरावात गंमत म्हणून डाव्या हाताने चेंडू टोलवताना पाहिलं आणि म्हणाला, सामन्यातही असंच खेळ. यात हिशेब सरळ होता. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे त्याला दोन पावलं कमी धावावी लागतात. विल्ससारख्या वाऱ्याच्या पायाच्या माणसाला दोन पावलं म्हणजे जहागीरच. वयाच्या पंचविशीनंतर तो दोन्ही हातांनी खेळायला शिकला.

मग डॉजर्सचा शॉर्टस्टॉप डॉन झिमर याच्या पायाचं बोट मोडलं. ६ जून १९५९ रोजी सव्वीस वर्षांचा विल्स मोठ्या लीगमध्ये उतरला आणि त्याच वर्षी डॉजर्स जगज्जेते झाले. एका बोटाचं मोडणं इतकं फळतं!

तरी फलंदाजी अजून कच्ची होती. पीट रीझर या कोचने त्याला सामन्याआधी रोज वेगळं घेऊन घासूनपुसून तयार केलं. १९६० मध्ये त्याने पन्नास बेस चोरले. नॅशनल लीगमध्ये पन्नाशी गाठणारा याआधीचा गडी होता मॅक्स केरी, १९२३ सालचा.

टॉप्सचं गणित चुकलं

अमेरिकन पोरांच्या खिशात तेव्हा च्युइंगगम आणि बेसबॉलची कार्डं असायची. प्रत्येक कार्डावर एका खेळाडूचा फोटो, मागे आकडे. या धंद्याचा राजा म्हणजे टॉप्स कंपनी. होतकरू खेळाडूंशी ती छोट्या लीगमध्येच करार करून टाकायची. विल्सला मात्र तिने वगळलं. हा काही मोठ्या लीगपर्यंत पोचत नाही, असा त्यांचा होरा.

पोचल्यावर टॉप्सवाले हसतमुखाने कागद घेऊन आले. विल्सने सही केली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याने विक्रम मोडले, जगज्जेतेपदं जिंकली, आणि पोरांच्या टॉप्स संचात मात्र डॉजर्सच्या शॉर्टस्टॉपची जागा रिकामी. १९६३ मध्ये फ्लीअर या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याचं कार्ड काढलंही. टॉप्सचं पहिलं खरं विल्स कार्ड आलं १९६७ साली, तो डॉजर्स सोडून पिट्सबर्गला गेल्यावर.

याहून मोठी गंमत १९७५ ची. टॉप्सने जुन्या सर्वोत्तम खेळाडूंची मालिका काढली, त्यात प्रत्येकाचं त्या त्या वर्षीचं कार्ड छापायचं ठरलं. १९६२ च्या विल्सचं कार्डच नव्हतं! मग कंपनीने ते नव्याने रचलं. जे कार्ड कधी निघालंच नाही त्याचं चित्र छापून वेळ मारून नेली.

आणि कळस पुढेच आहे. विल्सचा मुलगा बम्प विल्स टेक्सस रेंजर्सकडून सेकंड बेसवर खेळला. १९७८ मध्ये त्यानेही ५२ बेस चोरले. १९७९ साली टॉप्सने त्याचं कार्ड काढलं, त्यावर संघाचं नाव छापलं टोरांटो ब्लू जेज. तो तिथे कधी खेळलाच नव्हता. चूक दुरुस्त करून कार्ड पुन्हा छापावं लागलं. या घराण्याशी त्या कंपनीचे ग्रह जुळलेच नाहीत.

बासष्ट

आता मुख्य अंक. १९६२ मध्ये डॉजर्सचं नवं कोरं स्टेडियम उघडलं, आणि तिथे रोजचा प्रयोग ठरलेला. विल्स बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने नुसता हलकेच अडवून, किंवा पिचर चुकल्याने मिळणाऱ्या फुकट चालीवर पहिल्या बेसवर यायचा. प्रेक्षकांचा गजर सुरू. मागून खेळणारा ज्युनियर गिलियम मुद्दाम चेंडू सोडून देत विल्सला वेळ मिळवून द्यायचा. विल्स दुसऱ्या बेसवर. मग टॉमी डेव्हिसचा एक फटका, विल्स घरी. पुढचं काम सँडी कूफॅक्स किंवा डॉन ड्रिस्डेल यांचं, कारण हे पिचर समोरच्याला धावच देत नसत. त्या वर्षी डेव्हिसने १५३ धावा घरी आणल्या. त्यातल्या कितीतरी वेळा घरी आलेला माणूस एकच होता.

काही आकडे असे:

त्याने १०४ बेस चोरले आणि फक्त १३ वेळा पकडला गेला. टाय कॉबचा १९१५ चा ९६ चा विक्रम त्याने मोडला. कॉब तेव्हा ३८ वेळा पकडला गेला होता.

त्या वर्षी डॉजर्स सोडून एकाही संघाला, अख्ख्या संघाला मिळून, १०४ बेस चोरता आले नाहीत. सर्वांत जवळ आले वॉशिंग्टन सेनेटर्स, ९९ वर.

तो १६५ सामने खेळला. मोसम १६२ सामन्यांचा, पण डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स बरोबरीत सुटले म्हणून तीन जादा सामने झाले आणि नियमाप्रमाणे ते मोसमातच धरले गेले. अशी जादा लढत आता बंदच झाली आहे, त्यामुळे एका मोसमातल्या सर्वाधिक सामन्यांचा हा विक्रम मोडणं जवळपास अशक्य आहे.

कारकिर्दीत त्याने एकूण होम रन मारले वीस. चौदा मोसमांत वीस! पण त्यातले दोन ३० मे १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एकाच सामन्यात, एक डावखुरा म्हणून आणि एक उजखुरा म्हणून. बॉबी ब्रॅगनला त्या दिवशी पेढे वाटायला हरकत नव्हती.

या सगळ्याची किंमत पाय मोजत होते. दर चोरीच्या शेवटी जमिनीवर अंग झोकून घसरत जायचं असतं. सप्टेंबरपर्यंत त्याचे पाय सोलपटलेले, काळेनिळे आणि सुजलेले होते. एरवी बेसचोर हे बहुधा आउटफिल्डर, म्हणजे दूरवरचे क्षेत्ररक्षक असतात. चेंडू त्यांच्याकडे अधूनमधून येतो, तेवढाच आराम. शॉर्टस्टॉपला तीही सोय नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजवर एका मोसमात शंभर बेस चोरणारे अवघे चौघे झाले: विल्स, लू ब्रॉक, रिकी हेंडरसन, विन्स कोलमन. बाकी तिघंही आउटफिल्डर.

कमिशनरसाहेबांची फूटपट्टी

फोर्ड फ्रिक हे बेसबॉलचे कमिशनर. जुन्या विक्रमांवर त्यांचा भारी जीव. बेब रूथचा होम रनचा विक्रम १९६१ मध्ये रॉजर मॅरिस मोडायला निघाला तेव्हा त्यांनी फतवा काढला, रूथच्या काळी मोसम १५४ सामन्यांचा होता, तेवढ्यातच मोडला तर खरा. पुढच्या वर्षी तीच फूटपट्टी विल्सपुढे धरली.

पण इथे घोळ झाला. कॉबच्या संघाचे १९१५ साली दोन सामने अनिर्णित राहून पुन्हा खेळवले गेले होते, त्यामुळे कॉबचे ९६ बेस १५६ सामन्यांतले होते. मग मोजायचं कुठवर? वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल असं खाद्य मिळालं. विल्सने हा वाद आपल्या पद्धतीने मिटवला. २३ सप्टेंबरला सेंट लुइसमध्ये, संघाच्या १५६ व्या सामन्यात, त्याने ९६ वा बेस चोरला आणि त्याच सामन्यात ९७ वाही. एकाच सामन्यात बरोबरीही आणि मातही. कॉब हे बघायला नव्हता. तो आदल्या वर्षी जुलैमध्ये गेला होता. त्याचा स्वभाव पाहता बरंच झालं म्हणायचं.

तुम्ही कोण?

त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना वॉशिंग्टनला होता, म्हणजे विल्सच्या गावी. बाकीचे खेळाडू हॉटेलात, हा आपल्या घरी राहिला. स्टेडियमवर एकटाच पोचला, अंगात डॉजर्सचा शर्ट, हातात डॉजर्सची बॅग. दारावरच्या रखवालदाराने अडवलं. एवढासा माणूस कसला खेळाडू?

विल्स म्हणाला, मला ड्रेसिंग रूमच्या दारापर्यंत न्या, आतली मंडळी ओळख पटवतील. रखवालदार घेऊन गेला. आतल्या मंडळींनी, म्हणजे देशातल्या नामवंत खेळाडूंनी, विल्सकडे नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं की या गृहस्थांना आम्ही कधी पाहिलेलं नाही.

शेवटी कसाबसा आत गेला. त्या सामन्याचा पहिला चेंडू राष्ट्राध्यक्ष केनेडींनी टाकला. सहाव्या डावात स्टॅन म्यूझियलच्या जागी धावायला विल्स आला, लगेच दुसरा बेस चोरला आणि धाव काढली. आठव्या डावात एका छोट्या फटक्यावर त्याने पहिल्यावरून थेट तिसऱ्या बेसवर धडक मारली, आणि मग एका झेलावर घरी पोचला. नॅशनल लीग ३-१ ने जिंकली. ऑल-स्टार सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला; तो विल्सला मिळाला.

जाताना त्याने ट्रॉफी रखवालदाराला दाखवली. रखवालदाराला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी तरी वाहून नेतोय.

मोसमाअखेर नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही तोच निवडला गेला, विली मेजच्या २०२ गुणांविरुद्ध २०९ गुणांनी. मेजने त्या वर्षी ४९ होम रन मारले होते आणि त्याचा संघ पहिला आला होता. या निवडीवर आजही वाद घालता येतो, आणि माझं मत विचाराल तर मेजचा खेळ मोठा होता. पण त्या वर्षी खेळ बदलला तो विल्समुळे, आणि मत देणाऱ्यांनी बहुधा त्यालाच दाद दिली.

चिखलपुराण

मेजचा संघ म्हणजे जायंट्स. त्याच ऑगस्टमध्ये डॉजर्स तीन सामन्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर येणार होते. जायंट्सचा मॅनेजर अॅल्विन डार्क याला विल्सवर उतारा हवा होता. पिचरकडे तो नव्हता, कॅचरकडे नव्हता. तो निघाला ग्राउंड्समनकडे.

मॅटी श्वाब हा त्या कलेतला उस्ताद. पहाटे मैदानात जाऊन त्याने पहिल्या बेसजवळची, नेमकी विल्स जिथून सुटायचा ती माती उकरली. खड्ड्यात वाळू आणि पीटचा भुसा भिजवून भरला आणि वर नेहमीच्या मातीचा पातळ थर पसरून इस्त्री केल्यासारखं सपाट केलं. वरून काही दिसत नव्हतं. पाय ठेवला की रुतायचा.

डॉजर्सनी सरावातच हे ताडलं आणि बोंब ठोकली. पंचांनी माती बदलायला सांगितलं. श्वाबच्या माणसांनी ती हातगाड्यांत भरून नेली आणि परत आणून टाकली ती पहिलीपेक्षाही भुसभुशीत. पंच म्हणाले, निदान पाणी मारून बसवा. हा हुकूम त्यांनी फारच मनापासून पाळला. पहिल्या बेसभोवती तळं साचायचं बाकी राहिलं.

पहिला सामना जायंट्सनी ११-२ असा जिंकला, आणि मग उरलेले दोन्हीही. मोसमाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आले, जादा लढतीत जायंट्स जिंकले आणि वर्ल्ड सिरीजला, म्हणजे जगज्जेतेपदाच्या लढतीला गेले. ते तीन ओले सामने नसते तर? हा प्रश्न लॉस एंजेलिसकरांनी पुढे कित्येक वर्षं चघळला. डार्कला 'स्वॅम्प फॉक्स', म्हणजे दलदलीतला कोल्हा, ही पदवी मिळाली. आणि जायंट्सच्या खेळाडूंनी वर्ल्ड सिरीजच्या कमाईतला पूर्ण एक हिस्सा श्वाबला दिला, खेळाडूला द्यावा तसा.

हा श्वाब मूळचा डॉजर्सचाच माणूस! १९४६ मध्ये, दोन्ही संघ न्यूयॉर्कात असताना, जायंट्सच्या मालकाने त्याला फोडलं होतं. आमिष काय, तर पोलो ग्राउंड्स स्टेडियमच्या प्रेक्षक-सज्जाखाली कुटुंबासह राहायला बांधून दिलेलं घर. कामाच्या ठिकाणापासून इतकं जवळ घर न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या कुणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

बँजोने घात केला

विल्स बँजो वाजवायचा, आणि हौशीपुरता नव्हे. लास व्हेगासच्या रंगमंचावर त्याचे कार्यक्रम झाले.

१९६६ च्या शरदात डॉजर्स जपानच्या दौऱ्यावर गेले. विल्सचा गुडघा दुखत होता. तो दौरा अर्धवट सोडून उपचारांसाठी घरी निघाला. वाटेत हवाई बेटं लागली, तिथे गायक डॉन हो याचा कार्यक्रम होता, आणि मंचावर बँजो घेऊन गुडघेदुखीचा पेशंट. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांच्या कानावर ही मैफल पोचली. १ डिसेंबरला विल्सची पिट्सबर्गला रवानगी झाली.

त्याने पिट्सबर्गातही हार मानली नाही. तिथे त्याच्या भागीदारीत नाइटक्लब निघाला. बँजो, बिअर आणि बेसबॉल. क्लबचं नाव काय असेल? 'द स्टोलन बेस'. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

मग काही महिने माँट्रियलच्या नव्या संघात, आणि १९६९ मध्ये पुन्हा डॉजर्सकडे. १९७२ ला बूट खुंटीला टांगले तेव्हा खाती ५८६ चोऱ्या, २,१३४ हिट आणि तीन जगज्जेतेपदं जमा होती. १९६० ते १९६५ अशी सलग सहा वर्षं नॅशनल लीगमधला पहिल्या नंबरचा चोर तोच.

सिएटलमध्ये मुद्देमालासह

१९८० च्या ऑगस्टमध्ये सिएटल मरिनर्सने त्याला मॅनेजर नेमलं. मोठ्या लीगमधला तो तिसराच कृष्णवर्णीय मॅनेजर. कामगिरी मात्र हसू आणि रडू दोन्ही आणणारी. एकदा त्याने पिचर बदलायची खूण केली तेव्हा बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागी, कुणी हातसुद्धा गरम केलेले नव्हते.

२५ एप्रिल १९८१ रोजी ओकलंडचा संघ सिएटलला आला. ओकलंडचा मॅनेजर बिली मार्टिन हा स्वतः चलाख्यांचा सागर, त्यामुळे दुसऱ्याची चलाखी त्याला वासावरून कळायची. सामन्याआधी त्याने पंचांना बोलावलं आणि म्हणाला, बॅटरच्या बॉक्सच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या चौकटीच्या रेघा मोजा. पंच बिल कुंकेल यांनी टेप लावली. बॉक्स असतो सहा फुटांचा. हा भरला सात.

ग्राउंड्समनने सांगून टाकलं की हुकूम विल्ससाहेबांचा. रेघ पिचरच्या दिशेने फूटभर पुढे सरकवली की फलंदाज पुढे उभा राहणार आणि चेंडू वळायच्या आत त्याला झोडपणार. शिक्षा झाली ५०० डॉलर दंड आणि दोन सामन्यांची बंदी. श्वाबने गाड्या भरभरून माती उलथली त्याला वर्ल्ड सिरीजचा वाटा. विल्सने फूटभर चुना सरकवला त्याला दंड. खेळात न्याय असतो असं म्हणणाऱ्यांनी या दोन हिशेबांचा मेळ घालून दाखवावा.

मे महिन्यात नोकरी गेली. २६ विजय, ५६ पराभव.

त्यानंतरची काही वर्षं चटपटीत लिहिण्यासारखी नाहीत. कोकेन आणि दारूने त्याला पार खाल्लं. डॉजर्सने उपचारांची सोय केली. स्वतः त्या खाईतून वर आलेला डॉजर्सचा जुना पिचर डॉन न्यूकोम मागे लागून राहिला. १९८९ पासून विल्स व्यसनमुक्त राहिला, आणि १९९१ च्या आत्मचरित्रात त्याने काहीच लपवलं नाही.

शिष्य

व्हेरो बीचला डॉजर्सच्या वसंत-शिबिरात मैदानाचा एक कोपरा 'मॉरीज पिट' म्हणून ओळखला जायचा. तिथे म्हातारा विल्स पोरांना बंट आणि चोरी शिकवायचा. त्यातलाच एक डेव्ह रॉबर्ट्स. विल्सने त्याला बजावून ठेवलं होतं: एक दिवस असा येईल की तू चोरी करणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असेल. त्या दिवशी घाबरू नकोस.

तो दिवस आला १७ ऑक्टोबर २००४ रोजी, आणि तोवर रॉबर्ट्स बॉस्टनला गेला होता. यांकीजविरुद्धच्या मालिकेत बॉस्टन ०-३ ने मागे, चौथा सामना, नववा डाव, एका धावेने पिछाडी, आणि समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारच्या जागी धावायला रॉबर्ट्स आला. रिव्हेराने त्याला पकडायला लागोपाठ तीन वेळा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. हाताएवढ्या अंतराने सुरक्षित. बिल म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी, बाराव्या डावात विजय, मग सलग तीन सामने जिंकून यांकीजना घरी पाठवलं, आणि १९१८ नंतर प्रथमच बॉस्टन जगज्जेतं. रॉबर्ट्सला त्या क्षणी आठवलं ते विल्सचं बोलणं, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलंय. तो आज डॉजर्सचा मॅनेजर आहे. पाठीवर नंबर ३०, विल्सचा.

किरकोळ, पण सोडवत नाही असं

विल्सचं म्युझियम निघालं ते लॉस एंजेलिसमध्ये नव्हे, वॉशिंग्टनमध्येही नव्हे. नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये, जिथे हिवाळ्यात चोरसुद्धा घराबाहेर पडत नाही. तिथल्या रेडहॉक्स संघाशी उतारवयात त्याचा घरोबा जमला होता.

थोर खेळाडूंचा मान राखणाऱ्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं नाही. पत्रकारांच्या मतदानात लागतात ७५ टक्के, आणि तो पन्नाशीच्याही अलीकडेच राहिला. १९ सप्टेंबर २०२२ रोजी तो गेला, नव्वदीला दोन आठवडे कमी असताना. दार अजून बंदच आहे. तिथला रखवालदार वॉशिंग्टनहून बदली होऊन आलाय की काय, न कळे.

तो गेल्यावर दुसऱ्याच वर्षी बेसबॉलने चोरांसाठी दारं उघडली. बेस पंधरा इंचांचे अठरा इंच केले. पिचरने पहिल्या बेसकडे फक्त दोनदा वळायचं. तिसऱ्यांदा वळून गडी बाद झाला नाही तर धावपटूला पुढचा बेस फुकट. म्हणजे रिव्हेराची ती तिसरी फेक आज जुगार ठरली असती. २०२२ मध्ये सगळ्या संघांनी मिळून २,४८६ बेस चोरले होते, २०२३ मध्ये आकडा गेला ३,५०३ वर. २०२४ मध्ये पहिला आला पुन्हा एक शॉर्टस्टॉप, सिनसिनाटीचा सहा फूट पाच इंची एली डे ला क्रूझ. मोठे बेस, बांधलेले पिचर आणि कोरडी माती, एवढ्या सवलती घेऊन त्याने चोरले ६७. विल्स अजून ३७ बेस पुढे आहे.